चिठ्ठीत ३०० शेअर, डीमॅटला १५००: आत्याचे १०० की ५००?

दांडियाबाजारकर
मंडळी, घरातलं भांडण चव्हाट्यावर आणतोय, पण इथे हिशोबी माणसं बरीच आहेत म्हणून.

आजोबांनी २०१२च्या दिवाळीत एका फुलस्केपवर निळ्या शाईने लिहून ठेवलं होतं. शब्द जसेच्या तसे देतो: "माझे बँक ऑफ बडोदाचे ३०० शेअर आहेत. त्यांतील १०० माझ्या मुलीस द्यावेत. उरलेले दोघां मुलांनी निम्मे निम्मे घ्यावेत." खाली सही, तारीख.

आजोबा २०१९ला गेले. आजी त्यांच्या आधीच. डीमॅटला नॉमिनी मोठे काका, त्यामुळे शेअर त्यांच्या खात्यात गेले आणि "बघू नंतर" म्हणत तिथेच राहिले. आता आत्याने विषय काढला. काकांनी खातं उघडून दाखवलं तर त्यात ३०० नाहीत, १५०० आहेत. मधे २०१५च्या जानेवारीत स्प्लिट झालं होतं, म्हणजे एका शेअरचे पाच.

काकांचं म्हणणं: "अण्णांनी १०० लिहिलेत, मी १०० देतो. उरले १४००. सातशे माझे, सातशे तुझ्या बाबांचे. अक्षर न् अक्षर पाळतोय." आत्या म्हणते, "मला तिसरा हिस्सा दिला होता, तो आता पंधरावा कसा झाला?" बाबा गप्प आहेत. का गप्प आहेत तेही मला कळतंय, काकांच्या हिशोबात त्यांचेही दोनशे वाढतात.

प्रश्न सरळ आहे. स्प्लिटमध्ये जे जास्तीचे शेअर येतात ते कुणाचे?

मांजलपूरवाला
आत्याचे ५००. शंभराची नोट मोडून विसाच्या पाच आणल्या. काका म्हणतात, "एक नोट लिहिली होती, ही घे विसाची." हाहा.

दांडियाबाजारकर
हे उदाहरण मी दिलं. काका म्हणाले, नोटेवर किंमत छापलेली असते, शेअरची रोज बदलते. आणि खरंच, मला पुढे बोलता आलं नाही.

सीए_रावपुरा
काकांनी स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. शेअरवरही किंमत छापलेली असते की! तिला दर्शनी मूल्य म्हणतात, फेस व्हॅल्यू. बाजारभाव वेगळा, दर्शनी मूल्य वेगळं. आणि स्प्लिट होतं ते याच छापील आकड्याचं.

बँकेचा शेअर १० रुपये दर्शनी मूल्याचा होता, २०१५ला तो २ रुपयांचा झाला. आता बघा:

आधी: ३०० × १० = ३,००० रुपये.
नंतर: १५०० × २ = ३,००० रुपये.

म्हणजे बँकेच्या भांडवलात आजोबांचा वाटा ३,००० रुपयांचा होता आणि तो तेवढाच राहिला. त्यातले १०० शेअर, म्हणजे १,००० रुपयांचं भांडवल, त्यांनी मुलीला लिहून दिलं. आजच्या भाषेत ते ५०० शेअर. काका १०० देतायत म्हणजे २०० रुपयांचं भांडवल देतायत. आजोबांच्या काळच्या मोजणीने ते २० शेअर झाले. आजोबांनी वीस लिहिले होते का, एवढंच विचारा.

थोडं खोलात जातो, कारण हे नीट समजलं की बाकीचे गोंधळ आपोआप सुटतात.

स्प्लिटमध्ये कंपनीच्या तिजोरीत एक पैसा येत नाही की जात नाही. भरणा झालेलं भांडवल तेवढंच, राखीव निधी तेवढाच, नफा तेवढाच. शेअरची संख्या पाचपट झाली म्हणून प्रतिशेअर नफा आणि प्रतिशेअर पुस्तकी मूल्य पाचव्या हिश्श्यावर येतं, बाजारभावही त्याच मापाने खाली लागतो. त्यामुळे भाव भागिले नफा हे गुणोत्तर जागच्या जागी राहतं. मतदानात तुमचा टक्का होता तोच. साध्या कंपन्या हे कंपनी कायदा २०१३च्या कलम ६१ खाली भागधारकांच्या सभेत ठराव करून करतात. आपली मांडवीची बँक, म्हणजे बँक ऑफ बडोदा, राष्ट्रीयीकृत, तिला १९७०चा वेगळा कायदा लागू, पण शेअरहोल्डरच्या दृष्टीने फळ एकच.

आणखी एक. दर्शनी मूल्य बदललं की शेअरचा आयएसआयएन बदलतो, म्हणजे डीमॅटमधला तो बारा अक्षरी क्रमांक. म्हणून आजोबांच्या खात्याचं जानेवारी २०१५चं स्टेटमेंट डीपीकडून (जिथे डीमॅट खातं आहे तिथून) काढा. त्यात जुन्या क्रमांकाचे ३०० वजा आणि नव्या क्रमांकाचे १५०० जमा, अशी नोंद मिळेल. काकांना तो कागद समोर ठेवून विचारा: चिठ्ठीतले ते ३०० शेअर आज कुठे आहेत? ते शिल्लकच नाहीत. त्यांच्या जागी हे १५०० आहेत. "अक्षर न् अक्षर" पाळायचं तर काकांनाही जुने शंभर द्यावे लागतील, आणि ते आणणार कुठून?

लीलोचेवडो
सीएसाहेब, दंडवत. वीस शेअरचा मुद्दा जबरी.

जुना_सटोडिया
काकांच्या पिढीचा मी. त्यांची बाजू घेत नाही, पण डोक्यात काय चाललं असेल ते सांगतो.

आमच्या वेळी शेअर म्हणजे दहाचा किंवा शंभरचा. तिसरा प्रकार ठाऊक नव्हता. १९९९मध्ये सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, ते बंधन काढलं आणि दर्शनी मूल्य कितीही ठेवा, फक्त एका रुपयाच्या खाली नको आणि पैशांत नको, असं सांगितलं. त्यानंतर हे १०चे ५, ५चे २, २चा १ सुरू झालं. त्याआधी घरात शेअर वाढले म्हणजे एकच अर्थ, बोनस आला, कंपनीने फुकटात शेअर दिले! पेढे! म्हणून आमच्या वयाच्या माणसाला जास्तीचे शेअर दिसले की ते "आलेले" वाटतात, "तुटलेले" वाटत नाहीत.

सयाजीगंजला फॉर्च्यून टॉवरमध्ये आपलं वडोदरा स्टॉक एक्स्चेंज होतं, १९९०ची स्थापना. २०१५ला तेही गुंडाळलं गेलं. तिथे खाली चहाच्या टपरीवर एक गुजराती सबब्रोकर बसायचा. स्प्लिटनंतर कुणी रडत आलं की तो वर न बघता म्हणायचा, "काका, भाव ना जुओ, टोटल जुओ." (भाव बघू नका, एकूण बघा.) एवढंच त्याचं अर्थशास्त्र, पण चोख.

बँकेच्या त्या स्प्लिटचंच सांगतो. आधी भाव हजाराच्या वर होता, नंतर दोनशेच्या घरात लागला. आमच्या ओट्यावरचे दोघे "स्वस्त झाला" म्हणून धावले. स्वस्त काय झाला होता? पुढे वर्षभरात तो आणखी बराच घसरला. तेव्हा लोक म्हणायचे, "स्प्लिटने वाट लावली." स्प्लिटचा काय संबंध? बुडीत कर्जं वर आली. २०१५ डिसेंबरच्या तिमाहीत बँकेने ३,३४२ कोटींचा तोटा दाखवला. तो तोटा दहाच्या शेअरवरही तेवढाच दुखला असता.

कारेलीबागची_सून
इथे नवऱ्याने मला ओढून आणलंय, कारण स्प्लिटचा चटका आमच्या घरी बसून गेलाय.

सासूबाईंकडे बजाज फायनान्सचे १० शेअर. १६ जून २०२५ला सकाळी चहा घेता घेता त्यांनी ॲप उघडलं. आदल्या शुक्रवारी नऊ हजारांच्या पुढे असलेला भाव साडेनऊशेच्याही खाली. त्यांच्या नावासमोर लाल अक्षरात उणे नव्वद टक्के. कुणाला काही बोलल्या नाहीत. कपबशी तशीच ओट्यावर ठेवली, ॲप काढून टाकलं आणि देवघरात जाऊन बसल्या. दुपारी कळलं आम्हाला! त्या दिवशी स्प्लिट आणि बोनस दोन्ही एकदम होतं, भाव सकाळीच बदलला आणि शेअर खात्यात दिसायला दोन-तीन दिवस गेले. मधल्या दिवसांत ॲपचा हिशोब म्हणजे अर्धं लग्न. संख्या जुनी, भाव नवा.

शेअर जमा झाले तेव्हा १०चे १०० झाले होते. पण माझी तक्रार वेगळी आहे. मी त्यांच्यासाठी खाली भाव गेला तर विकायची एक कायमची ऑर्डर लावून ठेवली होती. ब्रोकरने ती परस्पर रद्द केली. म्हणे ईमेल पाठवला होता. सापडला, प्रमोशनच्या ढिगाऱ्यात, एका म्युच्युअल फंडाच्या जाहिरातीखाली. दोन महिने मी निर्धास्त, आणि ऑर्डर नाहीच.

सीए_रावपुरा
ऑर्डर रद्द होणं बरोबरच आहे, नाहीतर जुन्या भावाची ऑर्डर नव्या भावावर भलतीच सुटेल. पण तुम्ही ती नव्या भावाने परत लावायला हवी, हे कुणी ठळक सांगत नाही हेही खरं. एफ अँड ओवाल्यांचं (फ्युचर्स-ऑप्शन्सवाल्यांचं) एक्स्चेंज स्वतःच जुळवून देतं, लॉट (एका सौद्यातली शेअरसंख्या) वाढतो, स्ट्राइक (सौद्यात ठरलेली किंमत) त्याच प्रमाणात कमी होते. रोखीच्या बाजारात आपलं आपण बघायचं.

बजाज फायनान्सचं गणित मात्र सगळ्यांनी बघण्यासारखं आहे, कारण तिथे स्प्लिट आणि बोनस शेजारी शेजारी उभे आहेत. दर्शनी मूल्य २चं १ झालं, म्हणून १०चे २०. मग प्रत्येक शेअरमागे ४ बोनस, म्हणून ८० नवे. एकूण १००.

घरच्यांना हे शंभरही सारखेच दिसतात. प्राप्तिकराला तसे दिसत नाहीत.

स्प्लिटमधल्या २०ना जुनी किंमत वाटून मिळते आणि जुनी खरेदी तारीखही मिळते. बोनसच्या ८०ची किंमत शून्य धरतात आणि त्यांचं वय बोनस मिळाल्या दिवसापासून मोजतात. समजा सासूबाईंनी प्रत्येकी ७,००० ला घेतले होते. ॲप सरासरी काढून दाखवेल ७०० रुपये. पण विकायला गेलात तर आधी जुने २० जातात, प्रत्येकी ३,५०० किमतीचे. बाजारात नऊशेचा भाव असेल तर कागदोपत्री तिथे तोटा दिसेल, आणि पुढचे ८० विकाल तेव्हा जवळजवळ सगळीच रक्कम नफा. नुसत्या सरासरीवर विवरणपत्र भरलंत तर चुकाल.

(रेकॉर्ड डेटच्या, म्हणजे शेअर कुणाकडे आहेत हे कंपनी ज्या दिवशी बघते त्याच्या, आधीच्या तीन महिन्यांत घेऊन असा तोटा दाखवायचा आणि बोनस हातात ठेवायचा, ही जुनी युक्ती शेअरनाही २०२२पासून बंद आहे. आधीच सांगून ठेवतो.)

मांजलपूरवाला
म्हणजे बोनस १:१ आणि स्प्लिट १:२ हे एकच ना? दोन्हीत एकाचे दोन.

सीए_रावपुरा
संख्या एकच, आतली नोंद वेगळी. बोनस १:१ म्हणजे एकाला *आणखी* एक, दर्शनी मूल्य तेच. त्यासाठी कंपनी राखीव निधीतून रक्कम उचलून भांडवलात टाकते. स्प्लिट १:२ म्हणजे एकाचेच दोन, दर्शनी मूल्य निम्मं, राखीव निधीला हात नाही. बातमीत हे आकडे वाचताना आधी "बोनस की स्प्लिट" बघायचं, मग गुणोत्तर.

लाभांशाचीही अशीच फसगत होते. लाभांश टक्क्यात सांगितला की तो दर्शनी मूल्यावर असतो. आपल्या बँकेने २०२३-२४साठी ७ रुपये ६० पैसे दिले. २ रुपयांवर ते ३८० टक्के! ऐकायला राजेशाही, हातात सात रुपये साठ पैसे.

लीलोचेवडो
अवांतर विचारतो. स्प्लिटची बातमी आली की आधी घेऊन ठेवावा का? ऑफिसात एक मित्र सारखा म्हणतो, "स्प्लिट आधी घे, नंतर पाचपट."

जुना_सटोडिया
पाचपट शेअर, पैशाने एकपट. मित्राला सेव उसळ खायला ने आणि समजाव.

भाव बातमीवर वर जातो, हे खरं. कधी रेकॉर्ड डेटपर्यंत चढतो आणि मग बसतो. आपल्याकडे एका शेअरचा तुकडा घेता येत नाही, त्यामुळे पाच हजारांचा शेअर हजारावर आला की लहान माणूस शिरू शकतो, खरेदी-विक्री वाढते. कंपन्यांचं कारणही तेच असतं. आयआरसीटीसीने २०२१च्या ऑक्टोबरात १०चे २ केले, टाटा स्टीलने २०२२च्या जुलैत १०चा थेट १. त्याने पोलाद जास्त निघत नाही. उलट एमआरएफ बघा, २०२३च्या जूनमध्ये एक लाखाला शिवला तरी दर्शनी मूल्य दहाच. त्यांचं काही अडलं का?

मला भीती वाटते ती दुसऱ्या जातीची. वीस-तीस रुपयांचा, नाव न ऐकलेला शेअर, आधी भाव फुगवलेला, आणि मग १०चे १! भाव दोन-तीन रुपयांवर आणायचा, "एवढ्या पैशात दहा हजार शेअर" म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवायचं आणि आतल्यांनी माल सोडून निघून जायचं. लाखाचा शेअर तोडला तर समजू शकतो. तीस रुपयांचा कुणासाठी तोडताय? मी स्वतः यात हात पोळलेत, आकडा विचारू नका.

फतेहगंज_फणस
माझ्याकडे उलटा प्रकार. वडिलांचे देना बँकेचे १००० होते. १ एप्रिल २०१९ला विलीनीकरण झालं आणि त्यांचे ११० झाले, बँक ऑफ बडोदाचे. आई अजून म्हणते, "आठशेनव्वद शेअर कुणी खाल्ले?" विजया बँकवाल्यांना हजाराला ४०२ मिळाले. आता या धाग्यावरून तिला सांगतो की संख्या मोजू नको. ऐकणार नाही, ते वेगळं.

वकीलणबाई
उशिरा आले. हिशोब सीएंनी मांडलाय, मी कागदाकडे बघते. दांडियाबाजारकर, चिठ्ठीवर आजोबांच्या सहीखाली साक्षीदारांच्या सह्या आहेत का?

दांडियाबाजारकर
मूळ कागद काकांच्या गोदरेजच्या कपाटात. माझ्या फोनमधल्या फोटोत दोन सह्या दिसतायत. एक शेजारच्या डॉक्टरांची, दुसरी भजनी मंडळातल्या स्नेह्यांची असावी, अंगठ्याच्या सावलीत आहे. डॉक्टर हयात आहेत.

वकीलणबाई
छान. मग दोन्ही वाटा चालून बघा.

वाट पहिली: दोघा साक्षीदारांनी कायद्याला हवी तशी सही केली असेल तर ती चिठ्ठी म्हणजे मृत्युपत्र. शब्द बघा, "माझे ३०० शेअर आहेत, त्यांतील १००". हे विशिष्ट वस्तूचं दान झालं. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५मध्ये तरतूद आहे की अशी वस्तू मृत्युपत्राची तारीख आणि मृत्यू यांच्या मधल्या काळात कायद्याच्या क्रियेने रूप बदलते तेव्हा त्या कारणाने दान रद्द होत नाही. तुमच्याकडे चिठ्ठी २०१२, स्प्लिट २०१५, मृत्यू २०१९. अगदी मधोमध. माझ्या मते ५००. "माझे" हा शब्द नसता, नुसतं "मुलीस १०० शेअर द्यावेत" असतं, तर काकांच्या वकिलाला बोलायला जागा होती.

वाट दुसरी: साक्षीदार टिकले नाहीत, चिठ्ठी मृत्युपत्र ठरली नाही. मग हिंदू उत्तराधिकार कायदा. आजी नाहीत, तीन मुलं, तिघांना सारखं. १५०० भागिले ३.

मांजलपूरवाला
…५००!!

वकीलणबाई
हो. काकांचा १०० कुठल्याच वाटेवर भेटत नाही. आणि "मी नॉमिनी" हेही चालायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात स्पष्ट केलंय की शेअरचा नॉमिनी मालक होत नाही, वारसांसाठी सांभाळतो. पण कोर्टाआधी डॉक्टरांकडे जा. साक्षीदार हयात असताना गोष्टी लवकर मिटतात. आणि मूळ कागद इथल्या वकिलाला दाखवा, मी फोटोवरून बोलतेय.

सीए_रावपुरा
जोडीला करही सांगतो, आत्या विकणार असतील तर. वारशाने मिळताना कर नाही. विकताना आजोबांची खरेदी किंमत आणि तारीख धरायची, आणि शेअर ३१ जानेवारी २०१८च्या आधीचे असल्याने खरेदी किमतीसाठी त्या दिवसाच्या भावाचा आधार घेता येतो. स्प्लिट २०१५चं असल्यामुळे तो भाव आधीच २ रुपयांच्या शेअरचा आहे, भागाकार नको. नेस्ले किंवा आयशरसारख्या, २०१८नंतर स्प्लिट झालेल्या शेअरांत मात्र त्या दिवसाचा भाव १०ने भागावा लागतो. लोक तिथे हटकून चुकतात, न भागता जुना भाव लावतात आणि नोटीस आली की माझ्याकडे येतात. दीर्घकालीन नफ्यावर सव्वा लाखापर्यंत कर नाही, पुढे साडेबारा टक्के.

दांडियाबाजारकर
अपडेट. रविवारी काकांकडे सगळे जमलो. स्टेटमेंट डीपीकडून मिळालं होतं, दोन ओळींचं. ३०० वजा, १५०० जमा, एकच तारीख. मी काही बोललो नाही, वीस शेअरचा आकडा कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहून ठेवला होता. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, खाली आणला, परत चढवला. मग म्हणाले, "अण्णांनी वीस तर लिहिले नव्हते." बाबा पहिल्यांदा बोलले: "पाचशे-पाचशे करू या."

ऑफ-मार्केट ट्रान्सफरची (बाजारात न विकता थेट खात्यातून खात्यात द्यायची) स्लिप काकांनीच भरायला घेतली. आत्याने चहा ढवळता ढवळता विचारलं, "आणि लाभांश?"

२०२२ ते २०२५ चार वर्षांचे २.८५, ५.५०, ७.६० आणि ८.३५, मिळून शेअरमागे २४ रुपये ३० पैसे. पाचशेंचे १२,१५०. तेवढेच बाबांचेही. सगळे काकांच्या खात्यात.

काका म्हणाले, "ते शंभरावर देतो."

धागा चालू ठेवतो.

वकीलणबाई
डॉक्टरांचा फोन नंबर हाताशी ठेवा.